परक्याचा भाव

माझ्या लग्नानंतर आज पहिल्यांदाच माझा थोरला भाऊ पद्मनाभअण्णा माझ्या दुकानाची पायरी चढला. एरवी समयांचा माल नोकराबरोबर यायचा. आज अण्णाच्या हातात साडी, तोंडी माझं लहानपणचं नाव, ‘सुब्बू, सुब्बू’.

अण्णा पितळी समया सिंगापुरात मुलाच्या कंपनीला निम्म्या भावात विकतो. नफा तिकडे राहतो, इथला कर वाचतो. आता आयकरवाले विचारताहेत, हीच समई परक्याला कितीला देता? तोच भाव मुलाला लावणार. आणि मुलाच्या कंपनीखेरीज अण्णाचं गिऱ्हाईक एकच, कुंभकोणमातली मी. मला पूर्ण भाव.

“नात्यातल्या व्यवहाराचा भाव ते तुलनेला धरत नाहीत. तू माझी सख्खी बहीण आहेस, एवढंच येऊन सांग. कागदावर नातं दिसत नाही, रेशनकार्डावर तुझं नाव नाही ना...”

“तूच काढलंस. दारासुरमच्या विणकराशी लग्न केलं, तर माझ्या नावानं कावेरीत आंघोळ करून मोकळा झालास. मेलेली बहीण साक्षीला कशी येईल?”

साडी उचलून तो पायरी उतरला, तशी मी हाक मारली.

“अण्णा, शेजारच्या नाचियार्कोविल गावात समया घरोघरी ओततात, स्वस्तातही देतात. तरी इतकी वर्षं पूर्ण भाव मोजून मी तुझ्याच का घेतल्या, ते कळलं का आता?”