नऊ नंबरची कोठडी

न्यू जर्सीतल्या त्या दीडशे वर्षं जुन्या, पुरुषांच्या तुरुंगाचं आता म्युझियम झालंय. रिटायर झालेले मोरेश्वरकाका दर शनिवारी लोकांना तो फिरवून दाखवतात.

"काका, नऊ नंबरचा कैदी गेल्या शनिवारी पावाच्या गाडीतून पळाला, आणि आज धुराड्यातून?" ऑफिसातल्या इशितानं जुनं रजिस्टर पुढे धरलं. "तो याच कोठडीत वारला. एकोणीस वर्षांचा होता. बूट चोरले म्हणून आत आलेला. अशा थापा मारल्यात तर तुमच्या टूर्स कॅन्सल कराव्या लागतील मला."

"ते पान पाठ आहे गं मला," काका म्हणाले. "म्हणून तर दर शनिवारी बाहेर काढतो त्याला."

इशितानं कोठडीच्या खिडकीतून बाहेर डोकावून पाहिलं. मग तिनं रजिस्टर मिटलं.

"काका, त्या खिडकीलगत एक पाइप खाली जातो. अंगानं बारीक असेल तर जमेल त्याला."