शेपटाच्या पुढची जागा

"तू पुढे पळायचं नाहीस," नणंदेने बजावलं. "काकांच्या जेमतेम पुढे राहायचं. आणि त्यांना संशय येऊ द्यायचा नाही."

शाळेच्या मैदानावर दीडशे सायकली उभ्या होत्या. नणंद सायकल मंडळाची अध्यक्ष. गळ्यात शिट्टी होती, पण ती वाजवायची वेळ कधी येत नसे. तिच्या नजरेनेच काम भागायचं.

"ताई, मी सगळ्यांत पुढची जागा मागितली होती."

"पुढे जायला पन्नास जण टपलेत. हे काम चारचौघांत सांगण्यासारखं नाही, म्हणून घरच्या माणसाला सांगतेय. काकांना आता झेपत नाही आणि ते कबूल करणार नाहीत. त्यांना अकराच्या आत, दमलेल्यांसाठी मागून येणाऱ्या टेम्पोत न चढवता घेऊन ये. मग पुढच्या वेळी सगळ्यांत पुढे तूच."

मंडळाच्या फेरीत सगळ्यांत मागे राहणाऱ्या स्वयंसेवकाला शेपूट म्हणत. शेपटाने कुणालाही मागे टाकायचं नाही, एवढाच त्याचा नियम. तीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेले काका गेली नऊ वर्षं शेपूट होते. त्यांना सांभाळायचं तर त्यांच्या पुढचा सर्वांत हळू सायकलस्वार व्हायला हवं, हे नणंदेचं गणित बिनचूक होतं.

भावजयीने मान डोलावली. जागा शेवटची असली तरी ते काम होतं. सात महिन्यांपूर्वीच्या शस्त्रक्रियेपासून घरात तिला कुणी पाण्याची कळशीही उचलू देत नव्हतं. नवरा, सासूबाई, दोन्ही मुलं, सगळे तिला तळहातावरच्या फोडासारखं जपत, आणि या जपण्याचा तिला मनापासून वीट आला होता. आज निदान साडेतीन तास तीच कुणाला तरी जपणार होती.

साडेसातला फेरी सुटली. पहिल्या दोन किलोमीटरांतच बाकीची मंडळी दिसेनाशी झाली.

"माझ्यामुळे तुमचा खोळंबा होतोय, काका," ती अगदी ओशाळल्यासारखी म्हणाली. नाटक बरं जमलं होतं.

"खोळंबा कसला? बसमध्ये वेळापत्रक होतं. इथे काय, पोचू तेव्हा पोचू."

कालव्याचा चढ लागला. अर्ध्यावर काका म्हणाले, "जरा टेकू या का? गुडघे कुरकुर करताहेत."

ती लगेच उतरली. बिचारे, तिच्या मनात आलं. तिला स्वतःलाही थोडा दम लागला होता. मुद्दाम रेंगाळत चालवणंही सोपं नसतं, हे तिला नव्यानेच कळत होतं.

काका गप्पिष्ट होते. एकदा एक प्रवासी बसमध्ये झोपला, डेपोत उठला आणि वर काकांनाच रागावला, हा किस्सा त्यांनी रंगवून सांगितला. मात्र तिच्या तब्येतीची त्यांनी एका शब्दानेही चौकशी केली नाही. सात महिन्यांत असं माणूस तिला पहिल्यांदाच भेटत होतं. तिला इतकं मोकळं वाटलं की ती चक्क गुणगुणू लागली.

दहा वाजता टेम्पो शेजारी आला. ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढलं. "चढवू का सायकली? ऊन वाढतंय."

"आम्हाला काय धाड भरलीय?" काकांनी त्याला हाताने पिटाळलं.

तिला त्यांचा अभिमान वाटला आणि काळजीही वाटली. जुनं खोड वाकणार नाही, हे दिसतच होतं.

नदीवरच्या पुलाआधीचा चढ सर्वांत वाईट. तिथे तिच्या डोळ्यांसमोर क्षणभर अंधारी आली. ऊनच तसं होतं. आता काकांसाठी थांबावं असा ती विचार करते न करते तोच मागून आवाज आला.

"थांबा हो. पायात गोळा आला."

दोघं कठड्यापाशी सावलीत बसली. तिने आपली बाटली पुढे केली. काकांनी घोटभर पाणी घेतलं आणि बाटली परत दिली. "तुम्हीही घ्या. एकट्याने पिणं मला बरं वाटत नाही."

ती गटागटा प्यायली.

"उठायची घाई नाही," काका म्हणाले. "गोळा सावकाश उतरतो."

तिने घड्याळ पाहिलं. दहा पंचवीस. अजून तीन किलोमीटर होते. तिला त्यांच्यामागे घाई लावता येत नव्हती आणि टेम्पो तर मागे दबा धरून होता. दहा मिनिटं गेली. मग काका स्वतःच उठले, पायडलवर पाय ठेवून त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि ती निघाल्यावर निघाले.

अकराला सहा मिनिटं असताना दोघं मैदानात शिरली. उरलेल्या दहा-बाराजणांनी टाळ्या वाजवल्या. नणंदेने यादीवर शेवटची खूण केली आणि तिच्याकडे बघून मान हलवली. तिचे डोळे भरून आले. कितीतरी दिवसांनी आपण कुणाच्या उपयोगी पडलो होतो.

काका सायकल लावायला मागच्या बाजूला गेले. ती चहासाठी शाळेच्या व्हरांड्यातून आतल्या वर्गात गेली. तिथे किटली सांभाळत काकू बसल्या होत्या; चहा ओतता ओतता त्या स्वतःच म्हणाल्या, शेपूट म्हणजे आमचे हे. सकाळपासून त्यांनी ही खोली सोडली नव्हती आणि हिला त्या आज पहिल्यांदाच पाहत होत्या.

राहवलं नाही म्हणून ती हळूच म्हणाली, "काकू, काकांना आता जरा जपा. वाटेत फार दमत होते."

"हे? दमत होते?" काकू हसल्या. "अहो, साडेपाचला उठून अख्खी फेरी मारून आले, रस्त्यावर बाण काढत. मी म्हटलं, आता पुन्हा कशाला जाता? तर म्हणाले, अध्यक्षबाईंची भावजय नुकतीच आजारातून उठलीय, तिला न कळता सांभाळून आणायचंय." त्यांनी कप तिच्या हातात दिला आणि दाराबाहेर डोकावून पाहिलं. "तुम्ही मागेच होतात ना? पोचली का हो बिचारी?"