वेणी जमेपर्यंत

“तीन पेड घे. तीन. तू दोनच धरलेत,” बायको म्हणाली.

ती स्टुलावर पाठमोरी बसली होती आणि तो तिच्या मागे गुडघ्यांवर. कारखान्यात तो लेथवर होता. लोखंडात सूतभर फरक पडला तरी त्याच्या बोटांना कळायचा. पण केस हातात आले की तीच बोटं परक्याची असल्यासारखी वागायची.

“डावा मधल्यावरून. आता उजवा. ओढ जरा, मी काही मोडत नाही.”

सोमवारी कोर्टाची तारीख होती. आदल्या दिवशी ती चार स्टॉप पलीकडच्या दोन खोल्यांत राहायला जाणार होती. त्यांची नऊ वर्षांची मुलगी, जिला सगळे भिंगरी म्हणत, शाळेच्या दिवसांत बापाकडे आणि सुट्टीला आईकडे, असं ठरलं होतं. आई हॉस्पिटलात नर्स, तिच्या ड्युटीचा काही नेम नसायचा. शाळा इथून हाकेच्या अंतरावर. त्यात वाद नव्हता. आता कशातच वाद नव्हता.

घरात भांड्याला भांडं लागतंच म्हणतात. इथे दहा वर्षं अख्खी मांडणी कोसळत होती. ओला टॉवेल, उघडं राहिलेलं दार, कुणाच्या आईने कधीकाळी मारलेला टोमणा, काहीही पुरायचं. शेजारच्या काकू टीव्ही बंद करून ऐकायच्या. मग एका दुपारी भांडता भांडता दोघंही दमून खाली बसली. “पुरे करूया का?” ती म्हणाली. “करूया,” तो म्हणाला. त्या दिवसापासून घर शांत झालं.

वकीलबाईंनी कामांची यादी दिली होती. दोघं नेटाने एकेक काम उरकत होती. कागद शोधले, झेरॉक्स काढल्या, शाळेत दोन्ही पत्ते दिले. त्याने तिच्या नव्या दाराला कडी बसवली, तिला फ्यूज बदलायला शिकवलं. तिने त्याला तापाच्या औषधाचं माप सांगितलं, भिंगरी पोट दुखतंय म्हणते तेव्हा ते कधी खरं असतं आणि कधी गणिताच्या चाचणीमुळे, तेही सांगितलं. यादीतली एकच ओळ उरली होती. मुलीला सांगणे.

“तुला वेणी जमली की सांगू,” ती म्हणाली. “सकाळी आई नसली तरी अडत नाही, हे आधी तिला दिसू दे.”

त्याला ते पटलं. खरं तर सांगणं लांबलं, म्हणून बरं वाटलं.

आणि वेणी काही जमेना. सकाळी तो जीव ओतून दोन वेण्या घालायचा, रिबिनींच्या गाठी ओढून बघायचा. दुपारी भिंगरी झिपऱ्या उडवत घरी यायची. वर्गाच्या बाईंनी डायरीत दोनदा शेरा मारला. “लोखंड असतं तर वेल्डिंगच केलं असतं,” तो वैतागून म्हणाला. बायको इतकी हसली की सरावासाठी घातलेली तिची अर्धी वेणी त्याच्या हातातून सुटली. मग तोही हसला. भिंगरी दारात बसून दोघांकडे टक लावून बघत होती.

शुक्रवारी भिंगरी पाण्याची बाटली विसरली. तो बाटली घेऊन मागोमाग धावला. शाळेच्या फाटकाआड, सायकलींच्या रांगेमागे ती उभी होती. दप्तर जमिनीवर, रिबीन दातांत. दोन्ही हातांनी ती एकेक पेड सोडवत होती.

“अगं, हे काय करतेस?”

ती दचकली. रिबीन खाली पडली. मग तिने मान वर केली.

“तुला वेणी जमली की आई जाणार. मी ऐकलंय.”

इतके दिवस ती त्यांच्यासमोर बसून सगळं बघत होती आणि ते दोघं मात्र तिला काही कळू नये म्हणून जपत होते. घंटा व्हायला पाच मिनिटं होती. त्याने रिबीन उचलली, झटकली आणि तिला पाठमोरी उभी केली.

“वेणी मला येते,” तो म्हणाला. “बहुतेक केव्हाचीच येत असणार. संध्याकाळी आई आली की आपण तिघं बोलू. काही लपवणार नाही.”

त्याने दोन्ही वेण्या घातल्या. त्या दुपारी तशाच घरी आल्या.

संध्याकाळी बायको ड्युटीवरून आली आणि त्याने तिला दारातच सगळं सांगितलं. ती चप्पल काढून आत आली.

“सांगूया. आत्ताच,” ती म्हणाली.

त्यांनी सांगितलं. नव्या खोल्या कुठे आहेत, भिंगरीची खाट कुठल्या खिडकीपाशी असेल, कोणत्या दिवशी कुणी घ्यायला यायचं. परत एकत्र येणार का, असं तिने विचारलं तेव्हा दोघं एकदमच “नाही” म्हणाली. ती खूप रडली. त्यांनी तिला रडू दिलं.

“पण आता तर तुम्ही भांडतही नाही,” हुंदके आवरत ती म्हणाली. “आधी रोज भांडायचात, तेव्हा नाही कुणी गेलं. आता हसता, मग आताच का?”

बापाने मुलीचा हात हातात घेतला.

“तेव्हा आम्हाला एकत्र राहायचं होतं गं,” तो म्हणाला. “म्हणून तर भांडत होतो.”