मर्यादवेल

कापसाला सोन्याचा भाव आला त्या साली नत्थूजी माळी गाडी भरून थेट मुंबईला गेला आणि चैत्रात परतला. गावाला त्याने भाव सांगितले. बायकोला, माणिकबाईला, मात्र समुद्र सांगितला, पांढरे पक्षी सांगितले आणि वाळूवरचा जांभळ्या फुलांचा वेल सांगितला.

"मर्यादवेल म्हंतात त्याले. समुद्र त्याच्या अलीकडे पाय टाकत नाई."

माणिकबाई रोज सकाळी पूर्णेच्या काठाने रानफुलं खुडत जायची. एके दिवशी तिथल्या खारट मातीत तिला तोच वेल दिसला. आपट्यासारखं दुभंगलेलं पान, जांभळं फूल. शेजारी टिटवी अंड्यांवर बसलेली.

"अवो, बी तुमीच आणलं असन," ती घरी येऊन हसत म्हणाली.

"मी कायले आनतो? म्या त फुलाले हातबी नाई लावला."

दुसऱ्या दिवशी काठ मोकळा होता. वेल शेताच्या बांधावर फुलला होता, टिटवीही तिथेच. तिसऱ्या दिवशी दोघं विहिरीपाशी. चौथ्या दिवशी अंगणाच्या कडेला. माणिकबाईचं हसणं केव्हाच थांबलं होतं.

पाचव्या सकाळी तिने दार उघडलं. अंगणात काही नव्हतं. तिचा जीव भांड्यात पडला, तोच टिटवी घराच्या मागून ओरडली.

ती मागच्या दारी गेली. चढावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, वेल फुलला होता. टिटवी त्याच्या पलीकडे बसली होती. घर पूर्णेच्या बाजूला राहिलं होतं. तिकडून एक संथ गाज येत होती.

"अवं," आतून नत्थूजी म्हणाला, "हा आवाज त म्या मुंबईले आयकला होता."