अंगावर काढलेलं

संधिवाताच्या नव्या गोळीच्या चाचणी-अहवालावर डॉ. मंजिरी तगारेंनी सही केली. कायद्याने दुसरी सही यंत्राची, म्हणजे 'सोबती'ची लागायची. त्याने ती केली नाही.

"गोळी घेणाऱ्या दोनशे बारा बायकांना दर आठवड्याला तूच फोन केलास. एकीलाही त्रास नाही, हेही तूच कळवलंस," त्या वैतागल्या.

"हो. पण घरच्यांनी फोन उचलून हाक मारली की काहींची पावलं आता फरफटत येताना ऐकू येतात. माझा प्रश्नच चुकत असावा. तुम्ही विचारून बघा."

त्या बायकांपैकीच एक, तपासणीला आलेल्या घोळवेमावशी, समोरच बसल्या होत्या. मंजिरीताईंनी जरा विचार करून विचारलं, "मावशी, अंगावर काय काढताय?"

मावशींनी पदर सावरला. "गोळी सुरू झाल्यापासून पाय बधिर झालेत, डॉक्टरबाई. चप्पल निसटली तरी कळत नाही."

"मग सोबतीला का नाही सांगितलंत?"

"तो त्रास आहे का विचारतो. भाकरी थापते, पाणी भरते. मग त्रास कसला?"

मंजिरीताईंनी आपली सही खोडली.

सोबतीने लगेच सगळ्यांना पुन्हा फोन लावले आणि तोच प्रश्न विचारला. पहिल्यांदाच पलीकडून कुणी चटकन "बरं आहे" म्हणालं नाही.