रिकामा रकाना

सिरुसेरीच्या ऑफिसात टेस्टर रुचाने चुकीची तीच तक्रार, तोच बग, तिसऱ्यांदा उघडला, तशी रेवाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कर्मचाऱ्यांनी फॉर्ममध्ये केलेले बदल एक्सएमएल फाईलमधून कंपनीच्या मुख्य सिस्टीमला पाठवणारा कोड तिचा होता. ज्या रकान्यात काहीच नाही, त्याचा टॅग, म्हणजे त्या रकान्याच्या नावाची खूणच, तो कोड फाईलमध्ये लिहीत नसे.

"रेवाताई, रिकामा का होईना, पण टॅग जायला हवा. टॅगच आला नाही, तर सिस्टीमला वाटतं काही बदललंच नाही. मग माणसाने पुसलेलं जुनं नाव तिथे तसंच राहतं."

"राहू दे की! कुणाचं काय बिघडणार आहे? जे नाहीच ते पाठवून फाईल कशाला फुगवायची? कामं नाहीत का तुला दुसरी?" रेवा खेकसली आणि तिने बग बंद करून टाकला.

त्याच संध्याकाळी पेरुंगुडीच्या सिग्नलला एका कारने तिची स्कूटी उडवली.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात तिने डोळे उघडले, तर उशाशी नवरा. त्याच्या माराला कंटाळून ती गेल्या महिन्यात पुण्याहून गुपचूप इथे दूर दक्षिणेत बदली घेऊन आली होती, आणि आल्या दिवशीच 'तातडीचा संपर्क' या रकान्यातून तिने त्याचं नाव पुसलं होतं.



"तुझ्या ऑफिसातूनच फोन आला," तिचा सलाईन लावलेला हात आवळत तो म्हणाला, "सिस्टीममध्ये तुमचंच नाव आहे म्हणाले."