उजवा हात

जुन्या खोलीला कुलूप होतं. खालच्या चांभाराने सांगितलं, डेटलेफ परवाच सामान घेऊन गेला. कुठे, ते त्याच्या दोस्तांना विचारा.

योआखिम पहाटेच्या गाडीने ग्राइफ्सवाल्डला आला होता. तीस वर्षं गिरणीत पोती उचलून त्याचे खांदे बैलासारखे झाले होते. कोटाच्या आतल्या खिशात एक पत्र होतं. गाडीत त्याने ते इतक्यांदा वाचलं होतं की घडीवर कागद फाटायला आला होता.

दोस्त नदीकाठच्या बिअरच्या गुत्त्यात सापडले. दोघांच्या डोक्यावर विद्यार्थी संघाच्या रंगीत टोप्या, एकाच्या गालावर ताजे टाके. तळलेल्या हेरिंग मासळीच्या ताटावर वाकून ते गुत्तेवाल्याला मंगळवारचं द्वंद्व रंगवून सांगत होते.

"डेटलेफने तलवार अशी आडवी फिरवली," टाकेवाला काट्याने दाखवत होता, "आणि एगबर्टचा गळा खाटकाने चिरावा तसा चिरला. रक्त थेट भिंतीवर! डॉक्टर बोटं घालून शीर शोधतोय, तोवर खेळ खलास."

"डेटलेफ कुठे आहे?" योआखिमने विचारलं.

"का हो आजोबा? पोरगी फसवली की काय त्याने तुमची?"

योआखिमने त्याची मान धरली आणि तोंड ताटात आपटलं. टाके उसवले. दुसरा धावून आला, त्याच्या बरगडीत कोपर असं बसलं की तो बाकाखाली जाऊन विव्हळू लागला. योआखिमने पहिल्याचं डोकं केसांना धरून वर उचललं आणि पुन्हा आपटलं.

"कुठे आहे?"

"निकोलाय चर्चच्या मागे," तो रक्त थुंकत म्हणाला. "माहन्केबाईंकडे. आम्हीच ठेवलंय त्याला. ऐन वेळी पळून जाऊ नये म्हणून."

माहन्केबाईंनी दार उघडलं. योआखिमचा काळा कोट, रक्ताने भिजलेली बाही आणि ते डोळे बघून त्यांनी एप्रनचं टोक तोंडाला लावलं.

"गेलेल्या पोराचे वडील ना तुम्ही?"

योआखिमने टोपी काढली.

"कळतं हो मला. मीही दोन पुरलेत." बाई दारातून हलल्या नाहीत. "पण ऐका माझं. तुमचा थोरला उद्या येतोयच की, सकाळी सहाला, एल्डेनाच्या रानात. पलटणीतला माणूस, वीस पावलांवरून पत्त्यातला एक्का उडवतो म्हणे. आणि या डेटलेफने जन्मात पिस्तूल धरलेलं नाही. उद्या या वेळेला तो फळीवर असेल. मग तुम्ही कशाला आपले हात बरबटवता?"

"उद्यापर्यंत थांबायचं नाही मला."

बाई बाजूला झाल्या.

वरच्या खोलीत डेटलेफ खिडकीपाशी बसला होता. एकवीस वर्षांचा, दाढी वाढलेली. योआखिमला बघून तो उभा राहिला आणि पांढराफटक पडला.

"तुम्ही?"

"पत्र वाचलं तुझं. माघार घे."

"घेता येत नाही. मित्र तोंडावर थुंकतील."

"थुंकू देत. एक पोरगा मातीत गेलाय. आईचं तोंड येत नाही डोळ्यांसमोर?"

"रोज येतं." डेटलेफचा आवाज चिरकला. "मी मारायला गेलो नव्हतो. तो पुढे झुकला. पण आता त्याच्या भावाने आव्हान दिलंय, मी घेतलंय. शब्द दिलाय मी. तुम्हाला नाही कळायचं ते."

योआखिमची मूठ त्याच्या जबड्यावर बसली. डेटलेफ शेगडीवर आदळला, तिची नळी खडखडत खाली आली, खोलीभर काजळी उडाली. तो उठला, तसा दुसरा ठोसा. ओठ फाटला. डेटलेफने हात वर केला नाही.

"मारा," तो म्हणाला. "उद्या मात्र जाणारच."

योआखिमने त्याला उजव्या मनगटाला धरून फरफटत दारापाशी नेलं. दार जुनं, ओक लाकडाचं, चार बोटं जाड. बिजागरीच्या बाजूच्या फटीत त्याने तो हात कोंबला, आपला गुडघा पोराच्या पाठीवर रोवला आणि सगळा खांदा लावून दार लोटलं.

आवाज वाळकी फांदी मोडावी तसा आला. डेटलेफची किंकाळी खालच्या गल्लीपर्यंत गेली. योआखिमने दार उघडलं आणि पुन्हा लोटलं. तिसऱ्यांदा हाडाचा आवाजच आला नाही, नुसता चिखलासारखा.

माहन्केबाई धापा टाकत जिना चढून आल्या. फटीतून ओघळणारं रक्त बघून त्यांनी कठडा धरला.

"पुरे करा हो! माझ्या घरात जीव घेऊ नका! शिपायाला बोलावते मी!"

योआखिम खाली बसला होता. त्याने गळ्याचा रुमाल सोडला आणि त्या लोंबत्या हाताभोवती गुंडाळू लागला. गाठ बसेना, तेव्हा त्याने ती दातांनी ओढली.

डेटलेफने भिंतीला डोकं टेकलं. घामाने चेहरा निथळत होता. त्याने दुसरा हात हळूच उचलला आणि स्वतःच दाराच्या फटीत घातला.

"बाबा," तो म्हणाला, "हाही मोडा. नाहीतर उद्या ते डाव्या हातात पिस्तूल देतील."